ब्रॅग तिरसट, पण डेव्हिसचे काय?



अमेरिकी यादवी युद्धावरच्या आपल्या लेखात चॅटनूगा शहरासमोर दक्षिणेच्या सैन्याची जी दाणादाण उडाली, तिचे सारे खापर सेनापती ब्रॅक्स्टन ब्रॅगच्या स्वभावावर फोडले आहे. ब्रॅग तिरसट होताच, आणि हाताखालचे सेनापती त्याला पाण्यात पाहत. पण तिरसट वरिष्ठ कुठल्या सैन्यात नसतो? तक्रार वर गेल्यावर वरच्याने काय केले, ते लेखात यायला हवे होते.

सप्टेंबर १८६३ मध्ये ब्रॅगने चिकामॉगाची लढाई जिंकली, पण चॅटनूगाकडे पळणाऱ्या उत्तरेच्या सैन्याचा नेटाने पाठलाग केला नाही. मग उखाळ्यापाखाळ्या सुरू झाल्या. ब्रॅगने पोक या हाताखालच्या सेनापतीला, म्हणजे मूळच्या बिशपला, निलंबित केले. ४ ऑक्टोबरला बारा सेनाधिकाऱ्यांनी ब्रॅगला हटवण्याच्या अर्जावर सह्या केल्या. अर्जात कारण काय, तर ब्रॅगची प्रकृती! (प्रकृतीचे कारण आपल्याकडच्या राजीनाम्यांतही फार उपयोगी पडते.)

दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन डेव्हिस स्वतः छावणीत आला. लाँगस्ट्रीट, हिल, बकनर आणि चीटम या ब्रॅगच्या हाताखालच्या सेनापतींना बोलावून त्याने विचारले, सेनापती बदलावा का? आणि हे ब्रॅगच्या देखत! लाँगस्ट्रीटने आधी आढेवेढे घेतले, मग बदलावा असे सांगून टाकले. बाकीच्यांचे उत्तरही तेच.

एवढे ऐकून डेव्हिसने ब्रॅगलाच ठेवले. जोसेफ जॉन्स्टन आणि बोरेगार्ड या सेनापतींचे पर्याय त्याला स्वतःला नको होते. हिलची उचलबांगडी झाली, पोकची बदली झाली. उत्तरेचा सेनापती ग्रँट समोर फौजा जमवत असताना लाँगस्ट्रीटला हजारो सैनिकांसह नॉक्सव्हिलकडे पाठवण्यात आले. भांडण मिटले नाही, फक्त भांडणारे पांगले.

उत्तरेचे सेनापती काही साधुसंत नव्हते. अडचणीत सापडलेल्या पोप या सहकारी सेनापतीचे त्याचे त्याला निस्तरू द्यावे, अशा अर्थाची तार १८६२ मध्ये सेनापती मॅक्लेलनने खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकनला केली होती. पण ऑक्टोबर १८६३ मध्ये युद्धमंत्री स्टँटनने ग्रँटपुढे दोन आदेश ठेवले. एकात चॅटनूगातल्या सैन्याचा सेनापती रोझक्रान्स कायम, दुसऱ्यात त्याच्या जागी थॉमस. ग्रँटने दुसरा उचलला आणि विषय संपला. २५ नोव्हेंबरला याच थॉमसचे सैनिक मिशनरी रिजचा चढ चढून गेले आणि ब्रॅगची फळी फुटली.

गुलामगिरी टिकवायला निघालेली बाजू हरली, याचे मला यत्किंचित दुःख नाही. पण पराभवाचा हिशेब मांडायचा तर नावे पुरी हवीत. ब्रॅगने स्वतःहून पद सोडल्यावर, फेब्रुवारी १८६४ मध्ये, डेव्हिसने त्यालाच रिचमंडला आपला लष्करी सल्लागार नेमले. एवढी एक नोंद तरी पुढच्या अंकात द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, मिरज