देवाला जगाची गरज काय होती?

"देव नसेल तर हे सगळं आलं कुठून?" गणपतीत रात्री मूर्तीच्या राखणीला बसलेली मंडळी पत्ते पिसता पिसता या प्रश्नावर आली, की ओळखावं, दोन वाजून गेले. दुसऱ्या बाजूचं उत्तर तयारच असतं : "देवाने केलं म्हणता, मग देवाला कोणी केलं?" डिलाईल रोडच्या चाळींत ही जुगलबंदी पिढ्यान् पिढ्या चालली आहे. पूर्वी एका बाजूला माळकरी असत, दुसरीकडे लाल बावटेवाले. आता दोघांचीही नातवंडं कमला मिलच्या किंवा फिनिक्सच्या आवारात नोकरीला जातात आणि दोन्ही पक्ष मोबाइल पुढे करून एकच साक्षीदार उभा करतात, महास्फोटाचा सिद्धान्त.

आस्तिक म्हणतो, विश्वाला १३८० कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली असं विज्ञानच सांगतं. सुरुवात आहे म्हणजे ती करणाराही आहे. नास्तिक म्हणतो, महास्फोटाने सगळं उलगडलं, देवाला काम उरलं नाही. माझ्या मते दोघंही उसन्या पैशावर सावकारी करताहेत. सुरुवातीचं अतिदाट, अतितप्त विश्व कसं फुगलं, कसं निवलं, हायड्रोजन-हेलियम कसे बनले, एवढं हा सिद्धान्त सांगतो. मुळात काहीतरी आहेच कशाला, याबद्दल त्यात चकार शब्द नाही.

गंमत म्हणजे या सिद्धान्ताच्या जनकांपैकी एक, जॉर्ज लमेत्र, हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू. १९३१ मध्ये त्याने आद्य अणूची कल्पना मांडली. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या संशोधनात सृष्टिकर्त्याची साक्ष शोधली, तेव्हा अवघडला तो लमेत्रच. आपला सिद्धान्त देव आहे की नाही या वादाबाहेरचा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. उलट बाजूला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. देवधर्म न मानणारा. 'बिग बँग' हे नाव त्यानेच १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर वापरलं, आणि सुरुवातच नसलेल्या स्थिर विश्वाची बाजू तो लढवत राहिला. पण ताऱ्यांच्या पोटात कार्बन बनायला लागणारा योग किती नेमका जुळून आला आहे हे पाहून हाच हॉइल उतारवयात म्हणू लागला, की भौतिकशास्त्राच्या नियमांत कुणा महाबुद्धीने हात घातलेला दिसतो. आता यातल्या कुणाला कोणत्या पक्षात बसवणार?

हॉइलचे शिष्य आणि सहकारी आपले जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी ते गेले. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी स्थिर विश्वाची सुधारलेली मांडणी केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही, तरी नारळीकरांनी महास्फोटावरचे आक्षेप मागे घेतले नाहीत. त्यांचा झगडा निरीक्षणं आणि गणित यांच्या अंगाने होता. पण समजा, उद्या त्यांचं म्हणणं खरं ठरलं आणि विश्व अनादी निघालं, तरी आपला प्रश्न सुटतो का? अनादी वस्तूबद्दलही विचारता येतंच, की ही आहे कशासाठी?

आपल्याकडे हा वाद फार जुना आणि फार वरच्या दर्जाचा आहे. मंडपातले आस्तिक-नास्तिक त्याचा चतकोरही वापरत नाहीत, ही माझी खरी तक्रार. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग आहे म्हणजे ईश्वर आहे, हा नैयायिकांचा युक्तिवाद; उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात 'न्यायकुसुमांजली'त तो पणाला लावला. त्याला विरोध कोणाचा, तर एकट्या चार्वाकाचा नव्हे. जैनांच्या मते विश्वाला कर्ता नाहीच. देवळात रोज पूजा करणारा, पर्युषण कडक पाळणारा आपला जैन शेजारी तत्त्वतः निर्मात्याविनाच जगत असतो. आणि यज्ञयागाचे कट्टर पुरस्कर्ते, वेद प्रमाण मानणारे मीमांसक? त्यांच्यातले थोर आचार्य कुमारिल भट्ट यांनी तर सृष्टिकर्त्याची उलटतपासणीच घेतली आहे. जग नव्हतं तेव्हा तो होता कुठे? शरीराशिवाय त्याने काम केलं कसं? करुणेपोटी जग केलं म्हणावं, तर कीव यावी असा एकही जीव तेव्हा जन्मला नव्हता. बरं, करुणाच होती तर सगळे सुखी का नाहीत? हेतूशिवाय मूर्खही हातपाय हलवत नाही, आणि हेतू होता म्हणावं तर ईश्वराला काहीतरी कमी होतं असं ठरतं. लाल बावट्याच्या अभ्यासवर्गात शोभावी अशी ही सरबत्ती सातव्या शतकाच्या सुमारास एका वेदनिष्ठ ब्राह्मणाने केलेली आहे.

ब्रह्मसूत्रांनाही ही अडचण माहीत होती. ज्याला काहीच मिळवायचं नाही त्याने हा उपद्व्याप का केला, असा पूर्वपक्ष तिथे आहे आणि उत्तर आहे, लीला. शंकराचार्यांनी भाष्यात दाखला दिला तो सर्व काही असलेल्या राजाच्या क्रीडेचा, आणि आपण श्वास घेतो-सोडतो त्याचा. श्वासामागे बेत नसतो, तसं हे. ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'त हेच जग चैतन्याचा विलास होऊन येतं. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं, कारण त्यात एक कबुली आहे : विश्वाला बाहेरून दिलेलं प्रयोजन नाही. नास्तिकही दुसरं काय म्हणतो? तो त्याला लीला न म्हणता नुसतं 'आहे' म्हणतो. या एका मुद्द्यावर ज्ञानेश्वरीचं पारायण करणारा आणि देव न मानणारा जितके जवळ आहेत, तितका महास्फोटाचा पुरावा नाचवणारा त्या दोघांपैकी कुणाच्याच जवळ नाही.

गिरणगावचा विठोबा तर या भांडणात कधी नीट उतरलाच नाही. साचेखात्यात पाळी संपवून आलेला घाटावरचा किंवा कोकणातला माणूस रात्री भजनाला बसायचा, तो विश्वोत्पत्तीचं स्पष्टीकरण मिळवायला नव्हे. त्याचा देव माउली होता, नात्यातला होता. कर्त्याच्या विरोधातला युक्तिवाद कितीही बिनतोड असो, आईला तो लागू पडत नाही. म्हणूनच एकाच गाळ्यात माळ आणि बिल्ला एकाच खुंटीला टांगता आले. पुस्तकी नास्तिकांनी हे लक्षात घ्यायला हवं होतं. त्यांची लढाई बरीचशी बायबलमधल्या निर्मात्याशी झाली.

सावरकरांनी मात्र नेमक्या जागी बोट ठेवलं. 'मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव' या निबंधात त्यांनी विश्व माणसासाठी केलं आहे ही समजूतच मोडीत काढली. विश्व आपल्या नियमांनी चालतं, माणसाचं भलं-बुरं त्याच्या खिजगणतीत नाही. तेव्हा ते नियम ओळखून जमेल तेवढा उपयोग करून घ्या, हा त्यांचा रोख. निबंध जितका कठोर तितकाच स्वच्छ आहे. त्यांच्या राजकारणाचे आजचे अनेक चाहते तो वाचत असतील असं वाटत नाही.

आणि मग परळ. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर १९१२ पासून सुमारे बावीस वर्षं राहिले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला. ईश्वराने जग केलं या मताविरुद्ध त्यांनी त्यात युक्तिवाद केले आहेतच. पण खरा घाव पुढे आहे. धर्माचा हेतू जगाचा उगम सांगण्याचा आणि धम्माचा हेतू जग नव्याने रचण्याचा, असा फरक ते करतात. याचं मूळ बुद्धापर्यंत जातं. जग शाश्वत की अशाश्वत, हे कळल्याशिवाय मी साधना करणार नाही, असं म्हणत मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू अडून बसला. बुद्ध म्हणाले, विषारी बाण लागलेला माणूस तो मारणाऱ्याची जात आणि गाव कळेपर्यंत बाण काढू देईना, तर तो मरेल.

माझं यात थोडं दुमत आहे. 'का' हा प्रश्न टाकून द्यावा असं मला वाटत नाही. तो टाकून दिला असता तर नारळीकरही झाले नसते आणि वरळीच्या नेहरू तारांगणात पोरांनी मान वर करून बघावं असंही काही नसतं. पण क्रम आंबेडकरांचाच बरोबर आहे. बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत आयुष्य काढलेल्यांना विश्व कुणी केलं यापेक्षा ही खोली कुणी अशी केली, हे विचारण्याचा हक्क आधी आहे. त्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असतं, आणि ते देणाऱ्यांची नावं-गावंही सापडतात.

आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबरला, शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मराठीत मिळतो. आस्तिक असा की नास्तिक, चौथ्या खंडाचा पहिला भाग वाचा. थोडक्यात आहे, आणि परळच्या चाळीत राहिलेल्या माणसाचा आहे.

— परळकर