स्वस्त औषध कोणी बनवायचे?

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याहून येणाऱ्या रुग्णांत रुमॅटिक हृदयरोगाने जर्जर झालेली तरुण माणसेही असतात. हा सुखवस्तूंचा हृदयविकार नव्हे. दाटीवाटीच्या वस्तीत मुलाचा घसा दुखतो, उपचार होत नाही आणि स्ट्रेप्टोकोकस जिवाणूशी झुंजणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. झडपा सुजतात, आकसतात. पुढे प्रत्येक नव्या संसर्गाबरोबर जुना दाह पुन्हा पेटतो.

यावर उपाय आहे. बेंझाथीन पेनिसिलिनचे १२ लाख युनिटांचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे. ते दाह शमवीत नाही. दाह पेटविणाऱ्या जिवाणूला थारा देत नाही. युगांडात सुरुवातीच्या अवस्थेतील मुलांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन वर्षांत इंजेक्शन न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा रोग बळावला. घेणाऱ्यांपैकी अवघ्या ०.८ टक्के मुलांचा.

मग घोडे अडते कुठे? नफ्यात. औषध जुने, स्वस्त आणि गिऱ्हाईक गरीब! उदारीकरणानंतर स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलिनचे कारखाने एकामागून एक थंडावले. भावनियंत्रणामुळे उत्पादन परवडत नाही, असे कारखानदार म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. २०२४ साली शासनाने बेंझिल पेनिसिलिनची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढविली. परंतु भाव मोकळा सोडला, तर ज्याला इंजेक्शनपायी दर महिन्याला एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्या शेतमजुराने काय करावे? भाव बांधला तर कारखानदार पळतो, सोडला तर रोगी मरतो. ही कोंडी बाजार फोडू शकत नाही.

ती फोडण्यासाठीच १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच कारखान्याची जमीन विकण्याचा व निर्गुंतवणुकीचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली घेतला. २०२४ साली आंध्रातील काकीनाड्यास खासगी कंपनीने पेनिसिलिन-जीचे उत्पादन सुरू केले, तेही सरकारी प्रोत्साहन योजनेच्या आधाराने. पैसा जनतेचाच लागणार असेल, तर कारखाना जनतेचा का नको?

कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन प्रश्न विचारावेत : इंजेक्शन शिल्लक आहे काय? रुग्णांची नोंदवही आहे काय? इंजेक्शनची क्वचित येणारी प्रतिक्रिया हाताळण्यास कर्मचारी सिद्ध आहेत काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर तेथूनच लढ्याला प्रारंभ व्हावा.