मोटरी जप्त करून पाण्याचं प्रेशर वाढत नसतं



गेल्या पंधरवड्यात आमच्या गल्लीत काविळीचे चार पेशंट निघाले. त्यात एक बारावीची मुलगी आहे, परीक्षा तोंडावर आलेली. मग नेहमीचं सुरू झालं. लोक म्हणाले पाणी घाण येतंय, ऑफिसातून उत्तर आलं की टाकीतल्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आहे, आणि दोन दिवसांनी मोटर जप्तीची गाडी फिरली.

मी अठ्ठावीस वर्षं पॉलिटेक्निकला फ्लुइड मेकॅनिक्स शिकवलं. त्यामुळे कुणाची बाजू न घेता सांगतो, टाकीतलं पाणी चांगलं होतं हे खरं असू शकतं आणि नळाला आलेलं घाण होतं हेही खरं असू शकतं. मधल्या पाइपात काय होतं, ते कुणी बघत नाही.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. माझ्याकडेही टिल्लू मोटर होती. थेट नळाला जोडलेली.

हिशोब साधा आहे. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक किलो प्रेशर. आपली टाकी माझ्या नळापेक्षा अठरा-एक मीटर उंच असेल. म्हणजे पाइपात पाणी स्थिर असताना नळावर पावणेदोन किलोच्या वर प्रेशर मिळायला हवं. मी शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे मोजणारा गेज नळाला लावला. सकाळी पाणी सुटल्यावर काटा अर्ध्या किलोवर आला. पाच-सात मिनिटांत गल्लीतल्या मोटरी सुरू झाल्या आणि काटा शून्याच्या खाली गेला. हो, खाली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. मोटर पाणी 'ओढते' असं आपण म्हणतो, पण ती फक्त स्वतःच्या तोंडाशी प्रेशर कमी करते. जिथे प्रेशर जास्त, तिथून पाणी कमी प्रेशरकडे ढकललं जातं. पाइपातलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तोवर फुटक्या जोडातून पाणी बाहेर गळतं. ते बाहेरच्यापेक्षा कमी झालं की त्याच फटीतून बाहेरचं आत येतं. आणि आपल्या गल्लीत पाइप कुठून गेलाय? गटाराच्या कडेने, काही ठिकाणी गटारातूनच. पुरवठा बंद झाल्यावर पाइप रिकामा होतो, तेव्हाही हेच होतं. म्हणून पाणी आलं की पहिल्या दोन-तीन बादल्या गढूळ आणि वासाच्या.

हे माझं एकट्याचं मत नाही. हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांत चोवीस तास आणि बाकी ठिकाणी ठराविक वेळी पाणी येत होतं. दोन्हीकडच्या नळांची तुलना करणारा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. चोवीस तासवाल्या नळांच्या नमुन्यांत ई-कोलाय जंतू 0.7 टक्क्यांत सापडले, ठराविक वेळेच्या नळांत 31.7 टक्क्यांत. फरक पडला तो वाटेत.

मग मोटरी जप्त करा की, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

लोकांनी मोटरी हौसेने लावल्या नाहीत. दिवसभराचं पाणी एका तासात सोडलं की सगळे नळ एकदम उघडतात. पाइप तोच, त्यातून जाणारं पाणी कितीतरी पट. आणि पाइपातला वेग दुप्पट झाला की घर्षणात जाणारं प्रेशर साधारण चौपट होतं. टाकीजवळच्या घरांना धो धो, आणि शेवटच्या टोकाच्या मावशींच्या नळाला करंगळीएवढी धार. त्या मोटर लावतात. मग त्यांच्या अलीकडचा लावतो. मग मी.

मागच्या महिन्यात ऐन पाण्याच्या वेळी लाईट गेली. एकही मोटर चालू नाही. त्या दिवशी काटा अर्ध्या किलोच्या खाली आला नाही आणि मावशींचे हंडे मोटरीशिवाय भरले. म्हणजे कुणीच मोटर लावली नाही तर सगळ्यांना थोडं थोडं मिळतं. पण शेजारी लावणार ही खात्री असताना एकटा शहाणपणा कोण करणार?

आता नवीन उंच टाकीची घोषणा झाली आहे. टाकी हवीच, पण जुन्या पाइपांवर नुसतं प्रेशर वाढवलं तर गळतीही वाढेल. आधी जोड, मग जोर. शिवाय रिकाम्या पाइपात पाणी भरताना आतली हवा दाबली जाते आणि नळातून फुसफुसत सुटते, मीटर असेल तर तोही फिरवते. म्हणून एअर व्हॉल्व्ह जागेवर आणि चालू नसतील तर मीटरवर लोकांचा विश्वास बसणार नाही.

कराडजवळच्या मलकापूरने पंधराहून जास्त वर्षांपूर्वी चोवीस तास पाणी करून दाखवलं. मीटर लावले, आणि जास्त वापरेल त्याला चढा दर. ते काही मुंबई-पुण्याएवढं श्रीमंत शहर नाही.

माझ्या चार मागण्या आहेत.

एक, प्रत्येक झोनच्या शेवटच्या टोकाला प्रेशर गेज लावा आणि आठवड्याचे आकडे ऑफिसबाहेर फळ्यावर लिहा. पाण्याचे नमुनेही टाकीवरून नको, तिथल्याच नळावरून घ्या.
दोन, गटारातून जाणारे पाइप आणि जोड आधी बदला.
तीन, झोन लहान करा, म्हणजे एकाच वेळी कमी नळ उघडे राहतील आणि पाणी जास्त वेळ देता येईल. दुमजली घरापर्यंत पाणी चढायला नळाशी बारा मीटरचं प्रेशर हवं, हे 1999 च्या सरकारी नियमावलीतच होतं.
चार, एवढं केल्यावर मोटरी जरूर जप्त करा. पहिली माझी न्या.

आणि आपल्यासाठी एक. मी नळाखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेवलाय. नळाचं पाणी वरून ड्रममध्ये पडतं आणि मोटर ड्रममधून वर चढवते. लाइनवर ताण नाही. ड्रम भरायला वीस मिनिटं जास्त लागतात, बायको रोज बोलते. पण गटाराचं पाणी दुसऱ्याच्या घरात ढकलण्यापेक्षा ते बरं.

गेज माझ्याकडे आहे. कुणाला आपल्या नळाचं प्रेशर बघायचं असेल त्याने घेऊन जावा. दहा-वीस घरांचे आकडे जमले की ते कागदावर मांडून आपण सगळे मिळून ऑफिसात जाऊ. नुसत्या आरडाओरड्याला उत्तर असतं, आकड्यांना द्यावंच लागतं.

पाणी उकळून प्या. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा.