रॉयल लुक, पण वजन किती?

गोल खांब, वर त्रिकोणी कपाळ, हॉलच्या छताला पीओपीची वेलबुट्टी... हा 'रॉयल लुक' पुण्यातल्या टाउनशिपमधून थेट आमच्या देवणीत पोचलाय. (हो, तीच, देवणी वळूवाली!)

याचं बरंच श्रेय स्कॉटलंडच्या ॲडम घराण्याला. वडील विल्यम आर्किटेक्ट; जॉन, रॉबर्ट, जेम्स ही मुलंही आर्किटेक्ट. जेवताना दुसरा विषय निघत असेल का, देव जाणे! रॉबर्टनं १७५७ मध्ये स्प्लिटला जाऊन रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याची मापं घेतली आणि लंडनला परतून श्रीमंतांची घरं सजवली. छताची नक्षी, खालचा गालिचा, फायरप्लेस, सगळं एकाच हातचं. त्याच्या केडलस्टन हॉलवर बेतून चार्ल्स वायटनं कोलकात्याचं गव्हर्नमेंट हाउस बांधलं, ते १८०३ मध्ये पूर्ण झालं. त्याच सुमाराला हैदराबादेत कोठीची रेसिडेन्सी उभी राहत होती, तसेच भव्य खांब घेऊन. देवणीचा मुलूख तेव्हा निजामाचाच, म्हणजे आमची राजधानी तीच की!

पण ॲडम बंधूंचं सगळंच काही झकास नव्हतं. थेम्सकाठचा ॲडेल्फी हा त्यांचा स्वतःचा हाउसिंग प्रोजेक्ट १७७२ च्या मंदीत अडकला. शेवटी लॉटरी काढून निभावलं! त्यांनी हक्क विकत घेतलेलं खास प्लास्टरही टिकलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं.

माझ्या चुलतभावालाही बंगल्यावर विटांचं जड त्रिकोणी कपाळ हवं होतं. काका एवढंच म्हणाले, "डोक्यावर वजन नको रे बाबा. मला झोप लागली पाहिजे." ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार? किल्लारी परिसरात माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर कोसळून.

म्हणून खांब हवेत तर जरूर घ्या. आत इंजिनिअरनं काढलेला आरसीसी कॉलम, बाहेर हलकं पोकळ आवरण. पीओपी फक्त घरात, पावसात ते टिकत नाही. आणि कपाळ? ते हलकं करा आणि स्लॅबला पक्कं बांधा. नुसत्या विटांचा उंच कठडा भूकंपात आधी पडतो, तोही नेमका पळत बाहेर येणाऱ्याच्या वाटेवर. पुढच्या मीटिंगला थ्रीडी व्ह्यू बघण्याआधी आर्किटेक्टकडे त्या सांध्याचं ड्रॉइंग मागा.