गवताचा झगा आणि पिल्लाची हाक

शिकाऱ्याने गवत पांघरले म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. स्कॉटलंडातल्या शिकारी रानांचे राखणदार, ज्यांना तिकडे 'गिली' म्हणत, त्यांच्यावरूनच या चिंध्या-गवताच्या झग्याला नाव पडले. १९०० साली बोअर युद्धासाठी उभारलेल्या लोव्हॅट स्काउट्स पथकाने तो रणांगणावर नेला. आज अमेरिकेत तोच झगा घालून लोक कायोटीसाठी दबा धरतात. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोरला भाऊबंद! डोळ्यांना तो फसेल. पण वाऱ्याचा रोख पाहून, वळसा घेऊन येणारे त्याचे नाक काही झग्याला भुलत नाही. इथवर सामना बरोबरीचा.

पण शेजारी भोंगा असतो. त्यातून जखमी सशाची किंकाळी निघते. तेवढ्याने भागले नाही, तर कायोटीच्याच पिल्लाचा आक्रोश! तो ऐकून आई-बाप धावून येतात आणि झुडपातून गोळी सुटते. याला म्हणे कसब म्हणायचे!

मेंढ्यांवर पडणाऱ्या कायोटीचा बंदोबस्त मेंढपाळाने अवश्य करावा. पण 'कोण जास्त मारतो' म्हणून बक्षिसे कसली लावता? कॅलिफोर्नियाने २०१४ साली ती बंद केली. बाकीच्या शिकारीबहाद्दरांनो, झगा खुशाल घाला. त्या भोंग्यातले पिल्लू तेवढे आधी काढा.