चार किलोचा कुत्रा आणि चारशे किलोच्या गाईचं औषध

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याच्या गोळ्यांवर कधी लेख लिहीन असं वाटलं नव्हतं. पण मागच्या उन्हाळ्यात चाकूरच्या माझ्या दवाखान्यात एक लेकरू आलं आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

चार वर्षांची मुलगी. आईच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली. "सकाळी चांगली खेळत होती, दोन उलट्या झाल्या आणि आता उठवलं तरी उठंना," एवढंच आईला सांगता येत होतं. नाडी मोजली तर मिनिटाला ५८. या वयाच्या मुलाची नाडी झोपेतसुद्धा इतकी मंद नसते. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. आपल्या भागात असं चित्र दिसलं की पहिला विचार शेतातल्या फवारणीच्या औषधाचा येतो. पण तोंडाला लाळ नव्हती, अंगाला घाम नव्हता, छातीत घरघर नव्हती. साखर मात्र वाढलेली होती. घरात कोणतं औषध उघडं होतं, असं दोन-तीनदा विचारल्यावर वडील म्हणाले, "साहेब, सकाळी कुत्र्याला गोचिडीच्या औषधानं धुतलं. गाईचं होतं घरात." बाटली आणायला लावली. अमिट्राझ, १२.५ टक्के. पाण्यात मिसळण्याआधी त्यांनी ते स्टीलच्या पेल्यात काढलं होतं आणि तळाशी थोडं उरलेला पेला न्हाणीतच राहिला होता.

मुलीला लगेच लातूरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून बसली आणि बिस्किट मागू लागली. अमिट्राझचं हे एक बरं आहे, की वेळेवर सलाईन, ऑक्सिजन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत बरे होतात. त्यावर खास उतारा असा नाही. हे औषध मेंदूतल्या विशिष्ट जागांवर बसून गुंगी आणतं, नाडी आणि रक्तदाब खाली आणतं आणि इन्सुलिन अडवून साखर वाढवतं. लक्षणं कीटकनाशकाच्या विषबाधेसारखी दिसत असल्यामुळे डॉक्टरही फसू शकतात. म्हणून असं काही पोटात गेल्याचा संशय आला तर उलटी करवायच्या नादी लागू नका, कारण या औषधात जायलीनसारखं द्रावण असतं आणि ते फुफ्फुसात गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं. मीठ-पाणी पाजू नका. लेकरू आणि बाटली दोन्ही घेऊन थेट दवाखाना गाठा.

आठ दिवसांनी वडील मुलीला दाखवायला आले तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. "डॉक्टर साहेब, ते औषध चूक होतं हे कळलं. पण मग गोचीड घालवायची कशानं? कुत्रं तर पोरीच्या अंथरुणात झोपतं."

त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. मग एका पशुवैद्य मित्राकडे दोन संध्याकाळी बसलो, औषधांच्या माहितीपत्रिका वाचल्या आणि माझं मत बनलं. घरात राहणारा, मुलांच्या मांडीवर बसणारा लहान कुत्रा असेल तर त्याला गोचिडीसाठी तोंडावाटे द्यायची गोळी द्यावी, आणि गोठ्यातलं औषध त्याच्यासाठी घरात आणूच नये. हे मत मी कुत्र्याइतकंच घरातल्या लेकरांसाठी मांडतोय.

आपल्याकडे या औषधाचा वापर कसा सुरू होतो तेही पाहू. देवणी गाय किंवा म्हैस दारात असते. तिच्यासाठी आणलेली बाटली गोठ्याच्या कोनाड्यात असते. घरात एखादा 'पामेरियन' येतो (आपल्याकडे ज्याला पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा स्पिट्झ असतो, पण ते असो). त्याच्या कानात गोचीड दिसते आणि कोनाड्यातली बाटली निघते. गाय चारशे किलोची, कुत्रा चार किलोचा. शिवाय गाय आपली पाठ कुत्र्याइतकी चाटत नाही. लहान प्राण्याच्या शरीराचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे अंगावर ओतलेलं औषध त्याच्यात प्रमाणाबाहेर मुरतं. वर तो ते चाटतो. मग गुंगी, अडखळत चालणं, उलट्या. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी दुसऱ्या जातीची औषधं जास्त झाली तर थरथर आणि झटके येतात. घरात मांजर असेल तर आणखी जपा, मांजराला ही दुसऱ्या जातीची औषधं फारच बाधतात. आणि धुतलेला कुत्रा ओल्या अंगाने तासाभरात पोरांच्या मांडीवर असतो.

गोळीचं तसं नाही. औषध कुत्र्याच्या पोटात जातं, तिथून रक्तात. केसांवर काही राहत नाही, त्यामुळे मुलाने कुत्र्याला मिठी मारली, मुका घेतला तरी औषध त्याच्या हाता-तोंडाला लागत नाही. मानेवर सोडायचे थेंब आणि गळ्यातले पट्टे चांगले काम करतात, पण ज्या घरात लेकरू कुत्र्याच्या गळ्यात पडून झोपतं तिथे मला गोळीच बरी वाटते.

या गोळ्या ज्या गटातल्या आहेत त्याला आयसोक्साझोलिन म्हणतात. त्यात अफॉक्सोलानर (नेक्सगार्ड), फ्लुरालानर (ब्राव्हेक्टो), सारोलानर (सिम्पॅरिका) अशी औषधं येतात. गोचीड आणि पिसू यांच्या मज्जातंतूंमध्ये क्लोराइडची दारं असतात, तंतू शांत ठेवायचं काम ती करतात. हे औषध ती दारं बंद करतं. तंतू पेटल्यासारखे होतात आणि कीटक मरतो. कुत्र्याच्या किंवा माणसाच्या तंतूंमध्येही तशी दारं आहेत, पण त्यांना हे औषध फार कमी चिकटतं. सगळी सुरक्षितता या फरकावर उभी आहे.

गोळी दिल्यावर पहिल्या आठवड्यात हमखास तक्रार येते, "गोळी दिली तरी कानात गोचीड दिसली." दिसणारच. औषध रक्तात आहे. गोचिडीने चावा घेऊन रक्त प्यायल्याशिवाय ते तिला मिळत नाही. पिसवा काही तासांत मरू लागतात, गोचिडीला एक-दोन दिवस लागतात. या काळात काही जंतू कुत्र्याच्या अंगात शिरूही शकतात, तेव्हा गोळी दिली म्हणजे गोचीडताप होणारच नाही अशी हमी नाही. पण गोचिडींची घरातली पैदास मात्र ती तोडते, आणि मला त्याचं महत्त्व जास्त वाटतं.

आपल्या घरांत सापडते ती तपकिरी गोचीड. तिला दमट जंगल लागत नाही, मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा तिला छान मानवतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, खाली पडतं, कात टाकतं. पुन्हा चढतं, पुन्हा पडतं. प्रौढ झाल्यावर तिसऱ्यांदा चढतं, आणि मादी रक्त पिऊन टम्म फुगली की खाली उतरून फटीत काही हजार अंडी घालते. शहाबादी फरशीच्या सांध्यात, पलंगाच्या चौकटीत, दाराच्या उंबऱ्याखाली, भिंतीवर वर छतापर्यंत. न खाता महिनोन्‌महिने ती तिथे वाट पाहू शकते. म्हणजे कुत्र्याला आज कितीही धुतलं, तरी खरी फौज भिंतीत बसलेली असते. कुत्र्याच्या रक्तात औषध सतत राहिलं तर वर चढणारी प्रत्येक गोचीड मरते. कुत्राच सापळा होतो. पण त्यासाठी गोळी एकदा देऊन थांबायचं नाही. महिन्याची असेल तर दर महिन्याला, ब्राव्हेक्टोसारखी साधारण १२ आठवड्यांची असेल तर त्या हिशेबाने, काही महिने सलग. सोबत फटी सिमेंटने बुजवा, कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका.

पालक म्हणून यात तुमचं काय? हीच तपकिरी गोचीड माणसालाही कधी कधी चावते आणि रिकेट्सिया नावाच्या जंतूचा ताप देऊ शकते. त्याला इंडियन टिक टायफस म्हणतात. तो दूरदेशीचा आजार नाही. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात अशा तापाच्या मुलांवर लेख लिहिला आहे. ताप, डोकेदुखी, आणि काही दिवसांनी अंगावर पुरळ, जे तळहात-तळपायावरही येतं. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने बरा होतो, न ओळखता टायफॉइड म्हणून उपचार चालू राहिले तर जीवावर बेततो. तेव्हा मुलाला ताप आणि पुरळ असेल तर घरात कुत्रा आहे, गोचिडी आहेत, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो. आणि गोचीड नखाने किंवा दगडाने चिरडायची आपली जी सवय आहे ती सोडा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल नको, काडीचा चटका नको.

आता गोळीच्या दोन धोक्यांबद्दल, कारण ते न सांगता शिफारस करणं बरोबर नाही.

पहिला धोका आपणच तयार करतो. लहान कुत्र्याची गोळी तालुक्याच्या ठिकाणी लगेच मिळेलच असं नाही. मग कोणी तरी सुचवतं, मोठ्या कुत्र्याची आणा आणि चार तुकडे करा, चार महिने पुरेल. हिशेब करून बघा. अफॉक्सोलानरची २ ते ४ किलोच्या कुत्र्याची गोळी ११.३ मिलिग्रॅमची असते, २५ ते ५० किलोच्या कुत्र्याची १३६ मिलिग्रॅमची. तिचा चौथा भाग म्हणजे ३४ मिलिग्रॅम, लहान कुत्र्याच्या मात्रेच्या तिप्पट. आणि तुकडे कधीच सारखे होत नाहीत, म्हणून कंपनीही गोळी तोडू नका असंच सांगते. काही शे रुपयांची गोळी महाग वाटते हे मला मान्य आहे. पण लातूरहून मागवायला दोन दिवस लागले तर लागू द्या. तोवर बारीक फणी आणि चिमटा आहेच.

दुसरा धोका औषधाचा स्वतःचा. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या संपूर्ण गटाबद्दल सूचना काढली, की काही प्राण्यांमध्ये थरथर, तोल जाणं आणि फिट येणं असे त्रास दिसले आहेत. ज्यांना आधी कधी फिट आली नव्हती अशांनाही. औषधं बाजारातून काढली नाहीत, बहुसंख्य कुत्र्यांना ती सुरक्षित आहेत असंच त्यांनी म्हटलं, पण पशुवैद्याशी बोलून वापरा असं सांगितलं. म्हणून तुमच्या कुत्र्याला एकदाही फिट आली असेल तर ते लपवू नका. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू, दोन किलोपेक्षा कमी वजन, गाभण कुत्री, या सगळ्यांसाठी आधी पशुवैद्याला विचारायचं. कोणाच्या फोनवरच्या सल्ल्याने किंवा माझा लेख वाचूनही परस्पर गोळी द्यायची नाही. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि अवघड प्रकरण असेल तर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून काही फार लांब नाही. गाईचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला टोचून घेणारेही भेटतात. तेही नको.

माझ्या पशुवैद्य मित्राला माझं मत पूर्ण पटलेलं नाही. तो म्हणतो, शेतावर राखणीला असलेल्या चार कुत्र्यांना दर महिन्याला गोळी देणं कोणत्या शेतकऱ्याला परवडेल? त्यांना अंगावरचं औषध, कुत्र्याच्या वजनाला योग्य प्रमाणात, मोठ्या माणसाने हातमोजे घालून, मोकळ्या जागेत लावणं हाच मार्ग आहे. त्याचं बरोबर आहे. माझं म्हणणं आखाड्यावरच्या कुत्र्याबद्दल नाही, घरातल्या कुत्र्याबद्दल आहे. गाईसाठी औषध लागणारच, पण त्याची बाटली कुलपात ठेवा, दुसऱ्या बाटलीत किंवा पेल्यात ओतू नका, आणि मापायचं टोपण त्याच बाटलीला बांधून ठेवा.

त्या मुलीच्या वडिलांनी गोळी घ्यायचं ठरवलं. वजन किती, तर "असेल तीन-चार किलो." अंदाज चालत नाही म्हटल्यावर संध्याकाळी ते कुत्र्याला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. आधी एकटे काट्यावर उभे राहिले, ६७.२. मग कुत्र्याला उचलून, ७१.८. म्हणजे ४.६ किलो. दोन ते चारची गोळी त्याला कमी पडली असती, चार ते दहाची लागणार होती. मुलगी बाकावर बसून बघत होती. तिनेही वजन करून घेतलं.