साक्षीदाराचा फोन आणि कॉलची नोंद

अत्याचाराच्या प्रकरणातला साक्षीदार रात्री कार्यकर्त्याला फोन करतो. बोलणे कोणी ऐकले नाही, तरी कोणी कोणाला, कधी आणि किती वेळ फोन केला याची नोंद दूरसंचार कंपनीकडे राहते. डिसेंबर २०२१ पासून ती किमान २ वर्षे जपणे कंपन्यांना बंधनकारक आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ नुसार साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याचे आदेश न्यायालय देऊ शकते. मात्र कॉलची नोंद फुटली, तर ते नाव उघडे पडायला वेळ लागत नाही.

म्हणूनच विकेंद्रित कॉलिंगची चर्चा आपल्या कामाची आहे. ‘जामी’सारख्या ॲपमध्ये मध्यवर्ती कंपनीच नसते, दोन फोन थेट जोडले जातात. पण त्यामुळे समोरच्याला तुमचा आयपी पत्ता दिसू शकतो. ‘टॉर’ हा पत्ता लपवते. तुमचा संदेश साधारणपणे ३ संगणकांतून फिरतो आणि प्रत्येकाला फक्त आपला मागचा-पुढचा दुवा माहीत असतो.

अडचण वेगाची आहे. आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला की संभाषण अडखळू लागते. टॉरवर हा उशीर सहज होतो. शिवाय वाटेत हरवलेला तुकडा परत येईपर्यंत पुढचा आवाज खोळंबतो. त्यामुळे टॉरवरून थेट बोलण्यापेक्षा आवाज रेकॉर्ड करून पाठवणे अधिक व्यवहार्य ठरते.

तरीही वाट लपली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असे नाही. २०१९ मध्ये पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर व्हॉट्सॲप कॉलमधील त्रुटीतून फोनमध्ये शिरले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. व्हॉट्सॲपने ज्यांना सावध केले, त्यांत भीमा कोरेगाव खटल्याशी संबंधित वकील आणि कार्यकर्तेही होते. फोनच फितूर झाला, तर टॉर काय करणार?

मे २०२३ मध्ये केंद्राने १४ ॲप्स बंद केली. त्यांत टॉरवर चालणारे ‘ब्रायर’ आणि विकेंद्रित ‘एलिमेंट’ही होते. दहशतवादी ती वापरतात, हे कारण दिले गेले. तो धोका खोटा नाही. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आहे आणि त्यावरील बंधन गरजेपुरतेच असावे, असे म्हटले आहे. सरसकट बंदीत गुन्हेगाराबरोबर साक्षीदाराचाही आडोसा जातो.

कार्यकर्त्यांनी म्हणून दोन्ही कामे करावीत: फोन वेळेवर अपडेट ठेवावा आणि साक्षीदाराच्या गुप्ततेचा प्रश्न न्यायालयात उचलावा. हक्काची जागा ॲप घेऊ शकत नाही.